आधी देस वाजवा, मग ओबो घ्या

संध्याकाळी सहाच्या सुमाराला इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओट्यावर एक मुलगी छोट्या बाटलीत रीड (फुंकायची बोरूची दुहेरी पट्टी) भिजत घालून बसलेली असते. नववीत आहे. शाळेच्या बँडमध्ये आधी क्लॅरिनेट वाजवायची, मग ओबोच्या, म्हणजे सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्याच्या, नादी लागली. हे वाद्य फौजेत बावीस वर्षं वाजवलेला माणूस आपल्याच गल्लीत राहतो असं कळल्यावर तिचे बाबा तिला घेऊन आले. परवा चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "हवालदार काका, आता हिला मोठा ओबो घ्यावा म्हणतो. कुणी म्हणतं फुल कॉन्झर्व्हेटरी घ्या, कुणी थंबप्लेट, कुणी ऑटोमॅटिक. तुम्ही एक नाव सांगा, मी पैसे भरतो."

मी नाव सांगितलं नाही. मुलीला म्हटलं, "सफेद एकमध्ये देस रागाचा आरोह वाजव, सावकाश."

सा चांगला लागला, रे चांगला लागला, आणि रे वरून म वर जाताना मध्ये बारीकसा ग चमकून गेला. देसच्या आरोहात ग नसतो. मुलगी ओशाळली, पण चूक तिची नव्हती. तिच्या ओबोला एक चावी (भोक उघडणारी-मिटणारी धातूची दांडी) कमी आहे.

प्रकार असा. सफेद एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सा पाश्चात्त्य नावाने सी, रे म्हणजे डी, म म्हणजे एफ. ओबोवर डी वाजवताना दोन्ही हातांची तीन-तीन बोटं खाली असतात. एफ वाजवायचा तर उजव्या हाताचं तिसरं बोट आपली जागा सोडून शेजारच्या एफच्या चावीवर जातं. बोट एक आणि जागा दोन. ते हवेत असतानाच्या क्षणात वाद्यातून ई निघतो, म्हणजे ग. बोट कितीही चपळ असलं तरी कान तो ग पकडतोच.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला फोर्क एफ: डीवरून उजव्या हाताचं फक्त मधलं बोट उचलायचं, बाजूची दोन खालीच. हाताला अगदी सोपं. पण साध्या ओबोवर हा एफ घशात अडकल्यासारखा, नाकात बोलल्यासारखा लागतो. तो मोकळा करायला करंगळीने ई फ्लॅटची चावीही उघडावी लागते. महागड्या ओबोला यासाठी वेगळी रेझोनन्स चावी असते, फोर्क धरला की ती आपोआप उघडते. दुसरा मार्ग डाव्या एफचा: डाव्या करंगळीपाशी एक जादा दांडी असते, ती दाबली की तोच एफचा पॅड (भोक मिटवणारी मऊ गादी) उघडतो आणि उजवं तिसरं बोट नुसतं उचललं की झालं. विद्यार्थ्यांच्या स्वस्त ओबोंवर बऱ्याचदा हीच दांडी गाळलेली असते. मुलीच्या ओबोवर ती नाही, रेझोनन्सही नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की चाव्या मोजू नका, आपण कुठे अडखळतो ते मोजा. भूपच वाजवायचा असेल तर त्यात म नाही, डाव्या एफचे पैसे वाया. मालकंस वाजवणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. कोमल ग म्हणजे ई फ्लॅट, त्यासाठी उजवी करंगळी आधीच त्या चावीवर असते, तिथून मधलं बोट उचललं की साध्या ओबोवरही फोर्क एफ बऱ्यापैकी मोकळा लागतो. पण मालकंसात खालच्या सा वरून थेट कोमल ग वर जाताना तीच करंगळी सीच्या चावीवरून ई फ्लॅटच्या चावीवर घसरवावी लागते. घामाच्या हाताने घसरते, कोरड्या हाताने अडकते. तिथे डाव्या करंगळीचा ई फ्लॅट हवा. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्यांना असाच बोटांचा त्रास बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि ए फ्लॅट मेजरच्या सरगमांत होतो. नोटेशनच्या वहीत जिथे जिथे अडलात तिथे पेन्सिलने फुली करा आणि महिनाभराने फुल्या पाहा. अर्ध्याअधिक फुल्या डी-एफ, ई फ्लॅट-एफ, सी-ई फ्लॅट अशा जोड्यांवर असतील तर वाद्य बदलायची वेळ आली आहे. फुल्या वर-खाली कुठेही विखुरलेल्या असतील तर रीड बदला आणि रियाझ करा. हे मी चेष्टेने म्हणत नाही. ओबोची निम्मी रड रीडची असते, आणि बापाच्या खिशाला नव्या ओबोपेक्षा चार चांगल्या रीड कितीतरी स्वस्त पडतात.

आता सिस्टिमचं सांगतो. इथे मी स्वतः आपटलो आहे.

पचमढीला लष्करी संगीताच्या शिक्षणासाठी गेलो तेव्हा मला ओबो मी मागून मिळाला नाही. बँडमास्तरांनी ओळीत उभं करून ओठ आणि दात पाहिले, क्लॅरिनेट, हॉर्न, युफोनियम असं वाटत आले आणि माझ्या हातात ही काळी नळी दिली. ओबो लंडनचा, जुना, थंबप्लेटचा होता. म्हणजे काय, तर वाद्याच्या पाठीमागे डाव्या अंगठ्याखाली एक चपटी पट्टी असते. अंगठा तिच्यावर टेकवून एक बोट ठेवलं की बी, म्हणजे शुद्ध नी. अंगठा उचलला की तोच नी चढून तार सा होतो. तसाच ए वरून अंगठा उचलला की बी फ्लॅट. इंग्लंडात ही पद्धत अजून चालते.

जगात इतर बहुतेक ठिकाणी कॉन्झर्व्हेटरी पद्धत चालते. तिच्यात अंगठ्याचं हे काम उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे आहे. बी धरा आणि उजवं पहिलं बोट टेकवा, सी आला. ए धरा, तेच बोट टेकवा, बी फ्लॅट आला. नाव पॅरिसच्या संगीत विद्यालयावरून पडलं. त्याच शहरात त्रिएबेर घराण्याच्या कारखान्यात ही रचना आकाराला आली, त्यांच्याच कारखान्यातल्या फ्राँस्वा लोरे यांनी १८८१ मध्ये स्वतःचा कारखाना काढून ती पुढे नेली, आणि त्या विद्यालयातले प्राध्यापक जॉर्ज जिले यांच्या सल्ल्याने १९०६ मध्ये उघड्या भोकांच्या जागी झाकणं आली. आज "फुल कॉन्झर्व्हेटरी" म्हणून जे विकलं जातं ते थोड्याफार फरकाने तेच वाद्य.

मी निवृत्त झालो, हातात पैसे आले, एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेला ओबो घेतला. फोटोत नुसता समोरचा भाग होता. चाव्या भरपूर दिसत होत्या, मी खूश. गणपतीत कॉलनीच्या मांडवात आरतीनंतर देस वाजवायला उभा राहिलो. म, प, नी, आणि तार सा साठी अंगठा उचलला. सा आलाच नाही. नी च लांबत राहिला. पुन्हा उचलला, पुन्हा नी. बावीस वर्षं जो अंगठा बेधडक सा देत होता, त्याच्याखाली आता पट्टीच नव्हती, कारण ओबो कॉन्झर्व्हेटरीचा होता. घरी दोन दिवस सावकाश वाजवून पाहिलं होतं तेव्हा सगळं जमलं होतं. चारचौघांसमोर मात्र हात जुनाच हिशेब मांडतो. पुढच्या रांगेतला एक इंदोरी म्हणाला, "भिया, सा कहाँ रख आए?"

दोन्हींत चांगली कोणती, हा प्रश्न मला विचारू नका. प वरून तार सा वर उडी घ्या. थंबप्लेटवर डाव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा, सगळं एकाच दिशेने वर उठतं, लोण्यातून सुरी फिरावी तसं. कॉन्झर्व्हेटरीवर डावी दोन बोटं वर जातात तेव्हा उजवं एक खाली यावं लागतं. उजवं लवकर पडलं तर मध्ये तीव्र म चमकतो, उशिरा पडलं तर नी. दोन्ही हात एका क्षणी हलावेत म्हणून महिनोन् महिने घासावं लागतं. एवढं असूनही नव्या मुलाला मी कॉन्झर्व्हेटरीच सांगतो. कारण साधं आहे: इंटरनेटवरचे बहुतेक बोटांचे तक्ते, धडे, व्हिडिओ तिचे असतात, पुढे शिक्षक बदलला तर तोही बहुधा तिच्यातलाच भेटतो, आणि विकताना गिऱ्हाईक मिळतं. थंबप्लेटवर हात पक्का झालेल्यांनी मात्र माझ्यासारखा शूरपणा करू नये. त्यांच्यासाठी दोन्ही पद्धती एकाच वाद्यात असलेले ड्युअल ओबो मिळतात, लंडनचे हॉवर्थ ते बनवतात. त्यावर अंगठा उचला किंवा उजवं बोट टेकवा, सा येणारच. एकच खोड, अंगठा नकळत सुटला तर नको तिथेही सा येतो.

फोटोवरून ओळखायचं तर विक्रेत्याकडे चार फोटो मागा. एक पाठीमागचा: वरच्या ऑक्टेव्ह चावीच्या (वरचं सप्तक काढणाऱ्या) खाली अंगठ्याला चपटी पट्टी दिसली तर थंबप्लेट किंवा ड्युअल. दुसरा डाव्या करंगळीच्या दांड्यांचा, जवळून: जी शार्प, बी, बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ अशा पाच असतील तर संच पूर्ण. तिसरा तळाच्या घंटेचा, म्हणजे नळीच्या खालच्या फुगीर तोंडाचा: घंटेवर पॅड आणि चावी नसेल तर तो ओबो खालच्या बीपर्यंतच जातो, बी फ्लॅट मिळणार नाही. म्हणजे आपल्या भाषेत मंद्र कोमल नी गेला, खमाज किंवा मालकंस मंद्रात उतरवता येणार नाही. चौथा फोटो वरच्या जोडाचा (नळीच्या वरच्या तुकड्याचा), तिरप्या उजेडात, तडे दिसावेत म्हणून. चारही फोटो द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका.

उघडी भोकं की झाकणं, हा वाद आपल्याकडे उगाच रंगतो. सनईवाले येतात, रिंगचा, म्हणजे उघड्या भोकांचा, ओबो पाहतात आणि म्हणतात, "यावर मींड येईल." येते, थोडीशी. पण ओबोची भोकं सनईच्या मानाने फारच बारीक, बोट सरकवायला जागा कुठे आहे? ओबोवर मींड निघते ती मुख्यतः ओठांतून. झाकणांचे फायदे मात्र रोजचे आहेत. बोट केसभर सरकलं तरी भोक बंद राहतं, आणि खटके, मुरक्या, पाश्चात्त्य ट्रिल यांसाठी जे जोडकाम लागतं ते झाकणांवरच बसतं. लहान हाताच्या मुलांना तर झाकणंच बरी.

ऑक्टेव्हच्या चाव्यांचं थोडक्यात. तार सप्तकातले कोमल रे ते कोमल ग हे स्वर पहिल्या बोटाच्या अर्ध्या भोकावर निघतात. तार ग पासून कोमल ध पर्यंत अंगठ्याची पहिली ऑक्टेव्ह चावी, ध पासून वर बोटाच्या कडेने दाबायची दुसरी. अगदी साध्या ओबोवर दुसरी दाबताना पहिली सोडावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकवर दुसरी दाबली की पहिली आपोआप मिटते, अंगठा तसाच राहिला तरी चालतं. पूर्ण ऑटोमॅटिकवर एकच चावी, वाद्य स्वतःच ठरवतं. ऐकायला छान वाटतं, पण त्या स्वयंचलनासाठी आणखी नाजूक दांड्या आणि स्प्रिंगा लागतात, आणि अगदी वरच्या स्वरांची काही बोटं त्यावर बसत नाहीत. इंदुरात सेमी-ऑटोमॅटिक घ्या. तिसरी ऑक्टेव्ह चावी अतितार सप्तकासाठी असते. असली तर उत्तम, नसली तर नववीतल्या मुलीचं काही अडत नाही.

व्हिएन्नाचा ओबो म्हणून एक वेगळंच प्रकरण आहे. नळी वेगळी, बोटं वेगळी, डोक्याशी कांद्यासारखा फुगवटा. पाहायला सुंदर, आपल्या कामाचा नाही.

"इंदुरात" असं मी मुद्दाम म्हटलं. आपल्या शहरात ढोल-ताशा दुरुस्त करणारे आहेत, हार्मोनियमची सूर-सफाई करणारे आहेत, बँडवाल्यांच्या कॉर्नेटचे पोचे काढणारेही सापडतात. ओबोचे स्क्रू लावणारा मला आजवर एकही भेटलेला नाही. ओबोवर जितक्या जादा चाव्या तितके जादा जोड, आणि प्रत्येक जोडाला मुगाच्या डाळीहून लहान एक स्क्रू. तो पाव फेरी फिरला तर खालचे सगळे स्वर फुटतात. म्हणून जादा चावी घेताना तिचा स्क्रू सांभाळायची तयारीही धरा.

एक उदाहरण जवळून सांगतो. भरपूर चाव्यांच्या ओबोवर जी शार्पच्या पॅडला उजव्या पहिल्या बोटाशी जोडणारा एक दुवा असतो. त्यामुळे डावी करंगळी जी शार्पवर दाबून ठेवली तरी एफ शार्प वाजवताना तो पॅड मिटलेला राहतो. कोमल ध आणि तीव्र म एकापाठोपाठ घ्यायला फार सोयीचं. पण त्या दुव्याचा स्क्रू सैल झाला तर पॅड पुरता मिटत नाही. स्क्रू जास्त आवळला तर जी शार्पचा पॅड आधी टेकतो आणि उजव्या बोटाखालचं झाकण अधांतरी राहतं. दोन्हीकडून खालचे स्वर फुटतात. मुलगा म्हणतो "आज ओठ लागत नाहीत", आणि ओठांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. तपासायचं कसं: खालचा डी धरा, फुंकत राहा आणि डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबा. स्वर जरासाही हलला तर स्क्रू सैल आहे. घड्याळजीकडे मिळतो तसला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या (माझा राजवाड्याजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीने दिलेला आहे, पैसे घेतले नाहीत, त्या बदल्यात भैरवी ऐकली). स्क्रू फेरीच्या आठव्या भागाने आवळा आणि पुन्हा तपासा. त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही. सुरू करण्याआधी मोबाइलवर प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा, खाच कोणत्या दिशेला आहे ते दिसेल असा. बिघडलं तर परत जागेवर आणता येतं.

ओबो हातात आला की पैसे देण्याआधी हे करा. वरचा जोड वेगळा करा, डाव्या हाताची तिन्ही बोटं टेकवा, थंबप्लेट असेल तर अंगठाही, खालचं तोंड तळहाताने दाबून बंद करा आणि वरून हवा ओढा. जीभ लावून पाहा, जोड जिभेला काही सेकंद चिकटून राहिला पाहिजे. लगेच सुटला तर कुठून तरी हवा जाते. कुठून ते शोधायला सिगारेटचा कागद पट्टी करून प्रत्येक पॅडखाली घाला, पॅड मिटवा आणि कागद हळू ओढा. सगळीकडून सारखाच अडकायला हवा. मग रीड लावा, आपलीच, विक्रेत्याची नाही. त्याची रीड त्याच्या ओबोला सासरी आलेल्या सुनेसारखी सांभाळून घेते. तानपुऱ्याचं ॲप ४४० वर (ए स्वराची सेकंदाला ४४० कंपनं) लावून सफेद एकचा सा-प सुरू करा आणि प्रत्येक स्वर लांब धरा. ट्यूनरचा काटा पाहण्यापेक्षा तानपुऱ्याशी स्वर भांडतो का ते ऐका. त्यानंतर देस, त्यानंतर मालकंस, शेवटी सर्वांत खालचा बी फ्लॅट अगदी हळू. हळू फुंकल्यावर जो ओबो खाली बोलतो तो सहसा वरही बोलतो.

जुन्या बाजारातून घेताना एक फसगत टाळा. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत उंच पट्टीवर वाजवत, ए सुमारे ४५२ चा. त्या काळातले ओबो अजून कुठे कुठे निघतात, लाकूड मस्त, चांदीच्या चाव्या, किंमत पाण्याच्या भावात. पण ते नळीनेच आखूड आहेत. रीड कितीही बाहेर ओढा, ४४० वर सगळे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. भिंतीवर लावायला घ्या.

लाकूड की प्लास्टिक, यावर मी माझं मत बदललं आहे. चांगले ओबो ग्रेनाडिला नावाच्या आफ्रिकी काळ्या लाकडाचे असतात. आपल्या शिसवाच्याच कुळातलं हे झाड, टांझानिया-मोझांबिककडचं. त्या कुळाच्या लाकडावर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा परदेशातून वाद्य आणणारे घाबरले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. जर्मनीतला भाचा येताना घेऊन येणार असेल तर लाकडाची नव्हे, बिलाची आणि कस्टमची काळजी करा.

माझा लाकडी ओबो जानेवारीत तडकला. पहाटे गच्चीवर गेलो, माळव्यातली थंडी, बोटं बधिर, आणि वाद्य गरम न करता थेट फुंकलं. आतून ओली गरम हवा, बाहेर गार लाकूड. "टक्" असा आवाज आला, एखाद्याने सुपारी फोडावी तसा. वरच्या जोडावर, ट्रिलच्या चाव्यांजवळ, केसासारखी रेघ. ओबो सहसा तिथेच तडकतो, कारण नळी अरुंद, भिंत जाड आणि भोकं दाटीने असतात. दुसऱ्या शहरात पाठवून भरून आणला, वाजतो, पण ती रेघ पाहिली की अजून पोटात कालवतं. आपल्याकडे मे महिन्यात चाळिशी पार आणि हवा खडखडीत, जुलैत सगळं दमट, हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत जमीन-अस्मानाचा फरक. अशा गावात पहिल्यांदा मोठा ओबो घेणाऱ्याने वरचा जोड तरी प्लास्टिकचा किंवा आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला घ्यावा. अमेरिकेतले फॉक्स प्लास्टिकचे ओबो बनवतात, फ्रान्सच्या बुफेचा लाकडाच्या भुकटीत कार्बन धागा मिसळून केलेला प्रकार आहे. डोळे मिटून ऐकणाऱ्या माझ्या बायकोला त्यातला आणि लाकडातला फरक कळला नाही, आणि ती माझ्यापेक्षा चांगली ऐकते.

लाकडाचाच घेतलात तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच, नंतर हळूहळू वाढवत न्या. थंडीत आधी वरचा जोड काखेत धरून उबवा. लोक हसतात, हसू द्या. वाजवून झालं की रेशमी फडकं नळीतून ओढून पाणी काढा. फडक्याला दोन्ही टोकांना दोरी असलेलंच घ्या, कारण नळी वर निमुळती आहे, फडकं अडकलं तर मागून ओढायला दोरी हवी. पावसाळ्यात ऑक्टेव्हच्या बारीक भोकात पाणी साचून स्वर गुरगुरतो. तिथे जोराने फुंकर मारा आणि सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवून पाणी टिपा. मी आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही, पण पानवाल्याकडे कागदाचं पाकीट मागताना बायकोच्या मैत्रिणींनी दोनदा पाहिलं आहे.

मुलीच्या बाबांनी शेवटी काय घेतलं ते सांगतो. वापरलेला, कॉन्झर्व्हेटरी, सेमी-ऑटोमॅटिक, डावा एफ, फोर्क एफची रेझोनन्स चावी, खालचा बी फ्लॅट, वरचा जोड प्लास्टिकचा, खालचा लाकडाचा. तिसरी ऑक्टेव्ह नाही. चारही फोटो विक्रेत्याने त्याच दिवशी पाठवले. ओबो घरी आला तेव्हा जी शार्पचा दुवा सैल निघाला, ओट्यावर बसून तो मुलीकडूनच आवळून घेतला, तीन वेळा आठव्या-आठव्या भागाने. पहिला आठवडा तिला डावा एफ सापडेना, करंगळी सवयीने जी शार्पवर पडायची. मग तिनेच त्या दांडीवर नखभर लाल चिकटपट्टी लावली. काल देसचा आरोह वाजवला, रे वरून म वर गेली, मध्ये ग आला नाही. जुना ओबो आम्ही विकलेला नाही. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ येणार आहे, त्याला आधी भूप शिकवेन.